हॅमस्टरांचा चातुर्मास

मनवानं पिंजऱ्यात हात घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. चिंचोका गार पडला होता. फ्रीजमधून काढलेल्या बटाट्यासारखा गार.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. काल तो तिच्या बोटांवरून धावत होता. आज गवताच्या गादीवर गोळा होऊन पडला होता. डोळे मिटलेले, पोट हलत नव्हतं, मिश्यासुद्धा स्तब्ध.

ही मनवा पेडणेकर सोनकी वसाहतीच्या शाळेत पाचवीत शिकत होती. सोनकी वसाहत आहे चंद्रावर, जमिनीखालच्या एका प्रचंड बोगद्यात. फार फार पूर्वी तिथून तापलेला लाव्हा वाहून गेला आणि मागे पोकळ नळी उरली. माणसांनी तिची दोन्ही तोंडं बंद केली, आत हवा भरली आणि संसार थाटला. या संसारात माणसांखेरीज होत्या पालेभाज्या, थोड्या मधमाश्या आणि प्राणीघरातले हॅमस्टर.

हॅमस्टर हा उंदराच्या जातकुळीतला, म्हणजे कृंतक (सतत वाढणाऱ्या पुढच्या दातांनी कुरतडणारा) प्राणी. सोनकीतले हॅमस्टर मूळचे सैबेरियातल्या थंडगार माळरानावरचे. चंद्रावर लहान प्राणी जगतात का, त्यांना पिल्लं होतात का, हे पाहायला त्यांना इथे आणलं होतं. त्यांना दाणापाणी घालायच्या पाळ्या शाळेतल्या मुलांकडे होत्या. मनवा मात्र स्वतःची पाळी असो-नसो, रोज हजर असायची, कारण चिंचोका.

चिंचोका आणला तेव्हा तपकिरी, गुटगुटीत आणि तुकतुकीत होता. पाठीवर काजळानं ओढावी तशी काळी रेघ. चिंचोक्यासारखा तुकतुकीत, म्हणून तर ते नाव. पण गेल्या काही महिन्यांत भलतंच घडत गेलं. आधी तो बारीक झाला. मग त्याचे केस पिकल्यासारखे पांढरे व्हायला लागले आणि होता होता तो पार कापसाचा बोळा झाला. एकटा तोच नाही, प्राणीघरातले सगळेच. आणि पिल्लं? ती तर कधीची व्हायची थांबली होती.

"हाही गेला का?" मागून आवाज आला.

डॉक्टर तिरोडकर दारात उभे होते. वसाहतीच्या आरोग्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती आणि ती त्यांच्या कपाळावर कायम आठ्यांच्या रूपात दिसायची. त्यांच्या हातात हातमोजे होते.

"मनवा, बाळ, तू बाहेर ये. मागच्या आठवड्यात दोन गेले, आज हा तिसरा. आम्हाला जंतू सापडत नाहीये, पण वजन घटतंय, केस पांढरे होताहेत, पिल्लं होत नाहीत. हा रोग नाही तर काय आहे? वसाहत बंदिस्त आहे. उद्या हे माणसांत आलं तर पळणार कुठे?" ते क्षणभर थांबले. "आज दुपारनंतर प्राणीघराची हवा सोडून द्यायची ठरलंय."

हवा सोडून द्यायची म्हणजे काय, हे चंद्रावरच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. भिंतीतली झडप उघडायची. आतली हवा बाहेरच्या पोकळीत निघून जाते आणि आत जे असेल ते क्षणात संपतं.

"सगळे?" मनवाच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला. "जिवंत आहेत तेसुद्धा?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. तेवढ्यात मनवानं काय करावं? गार पडलेल्या चिंचोक्याला उचललं, स्वेटरच्या आत कोंबलं आणि डॉक्टरांच्या बगलेखालून धूम ठोकली.

"अगं! संसर्ग! मनवा!" डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. तेही मागे निघाले. चंद्रावर धावणं म्हणजे खरं तर उड्या मारणं. पुढे बेडकासारखी मनवा आणि मागे पोट सांभाळत डॉक्टर, अशी वरात पालकाच्या वाफ्यांपाशी पोचली. तिथे आत्याआजी बसली होती.

आत्याआजी म्हणजे मनवाच्या बाबांची आत्या, कुमुद पेडणेकर. सगळं आयुष्य तिनं प्राण्यांच्या शरीरातल्या घड्याळांवर संशोधन केलं आणि निवृत्त झाल्यावर चंद्रावर राहायला आली. का, तर इथे वजन सहाव्या हिश्शाएवढंच भरतं आणि गुडघे दुखत नाहीत. हे कारण ती कुणालाही न लाजता सांगायची.

"आत्याआजी, चिंचोका मेला," मनवा म्हणाली आणि आता मात्र तिचा बांध फुटला. "आणि हे बाकीच्यांनाही मारणार आहेत."

आत्याआजीनं स्वेटरमधला तो गोळा दोन्ही हातांत घेतला. कानाशी धरला. बराच वेळ धरला. मग तिनं डोळे बारीक केले.

"मनवा, याला तुझ्या गळ्याशी धर. घट्ट, पण दाबू नकोस. आणि वाट बघ."

डॉक्टर धापा टाकत पोचले. "कुमुदताई, त्याला खाली ठेवायला सांगा!"

"आता जे व्हायचं ते होऊन गेलंय, डॉक्टर. बसा जरा, दम खा."

मनवा वाट बघत राहिली. काही होईना. मग गळ्याशी काहीतरी थरथरलं. अगदी बारीक, फोन मुका करून ठेवल्यावर थरथरतो तसं. थरथर वाढत गेली. अंग कोमट झालं, मग ऊन झालं. चिंचोक्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा, मनवाच्या गळ्यावर नाक घासलं आणि आपल्याला काही झालंच नाही अशा थाटात आत्याआजीनं पुढे केलेली भोपळ्याची बी पुढच्या पायांत धरून कुरतडायला लागला.

मनवा किंचाळली. आनंदानं की भीतीनं, ते तिलाही कळलं नाही. मेलेला प्राणी बी खातो?

"तो मेलाच नव्हता," आत्याआजी म्हणाली. "याला टॉर्पर म्हणतात (दिवसातून काही तास शरीर मुद्दाम गार करून, श्वास आणि ठोके अगदी मंद करून घेतलेली झोप). थंडीत खायला कमी असतं, म्हणून सैबेरियातला हॅमस्टर दिवसा काही तास अंगातली शेगडीच विझवून टाकतो. मग जागं व्हायची वेळ झाली की थरथरून पुन्हा पेटवतो."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते वाफ्याच्या कडेला बसले.

"मागच्या आठवड्यातले ते दोघं," ते हळू आवाजात म्हणाले. "तेही असेच गार होते. मी त्यांना… मी स्वतः त्यांना बाहेरच्या मातीत ठेवून आलो."

मनवाला डॉक्टरांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांच्याकडे बघून रडूही आलं.

आत्याआजीनं डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक झाली ती झाली. आता उरलेल्यांचं बघू. टॉर्पर, पांढरे केस, घटलेलं वजन, पिल्लं बंद. डॉक्टर, तुम्ही म्हणता हा रोग. मला हा हिवाळा दिसतोय."

"हिवाळा? चंद्रावर? बोगद्यात?" डॉक्टर म्हणाले. "इथे बारा महिने हवा सारखीच असते!"

"हवा असेल. उजेड? मनवा, हे सगळं सुरू कधी झालं?"

मनवानं डोळे पुसले आणि आठवायला लागली. "शेवटची पिल्लं झाली तेव्हा शाळेत आषाढीची सुट्टी होती. त्यानंतर नाहीच झाली."

"आणि आषाढीला आपण काय सुरू केलं?"

मनवाचं तोंड उघडंच राहिलं.

सोनकीची एक रीत होती. चंद्रावर रात्र पडली की दोन आठवडे सूर्य दिसत नाही, आणि वीज पुरवून पुरवून वापरावी लागते. पण दिवाळीला तर सगळा बोगदा आकाशकंदिलांनी उजळायचा असतो. मग पृथ्वीवर लोक चातुर्मासात (आषाढीपासून कार्तिकीपर्यंतच्या चार महिन्यांत) कांदा नाहीतर वांगं सोडायचा नेम करतात, तसा सोनकीनं उजेड सोडायचा नेम धरला होता. चार महिने दिवे लवकर मालवायचे आणि वाचलेली वीज दिवाळीसाठी साठवायची. यंदा पाचवीच्या वर्गानं ठराव केला, की प्राणीसुद्धा आपल्या घरचेच, तेव्हा नेम त्यांनीही पाळायचा. ठरावाला सगळ्यांत आधी हात वर केला होता मनवानं.

"बचतराव!" आत्याआजीनं भिंतीवरच्या जाळीकडे बघून हाक मारली.

बचतराव म्हणजे वसाहतीची वीज सांभाळणारा यंत्रमेंदू. खरं नाव लांबलचक होतं, पण त्याचा कंजूषपणा बघून मुलांनी हे ठेवलं होतं.

"बोला. थोडक्यात बोला, बोलायलाही वीज लागते."

"प्राणीघराचे दिवे किती वेळ चालू असतात?"

"शाळा भरते तेव्हा लावतो, सुटली की मालवतो. आठ तास. आषाढीपूर्वी सोळा तास जळायचे. निम्मी बचत!" बचतरावांचा आवाज अभिमानानं भरून आला होता. "मुलांचा ठराव आहे. फार गुणी मुलं."

गुणी मुलीला तोंड लपवायला जागा सापडेना. म्हणजे हे आपण केलं? प्रेमानं केलं? तिनं चिंचोक्याला छातीशी धरलं.

"पण आत्याआजी, दिवा लवकर मालवला म्हणून कुणी पांढरं कसं होईल? त्याला काय कळतंय, हिवाळा की उन्हाळा?"

"तेच तर कळतं. नीट ऐक. डोळ्यांतून उजेडाची खबर मेंदूतल्या घड्याळाला जाते. ते घड्याळ ती पिनिअल ग्रंथीला कळवतं (मेंदूतला एक इवलासा भाग, हॅमस्टरमध्ये तर मोहरीएवढाही नसतो). अंधार पडला की ही ग्रंथी रक्तात मेलॅटोनिन सोडते. मेलॅटोनिन हे संप्रेरक आहे (रक्तातून फिरून अवयवांना निरोप पोचवणारा पदार्थ). उजाडलं की ते बंद. आता सांग, उन्हाळ्यात रात्र कशी असते?"

"लहान."

"मग मेलॅटोनिन?"

"थोडाच वेळ सुटणार." मनवा सावरून बसली. "आणि हिवाळ्यात रात्र मोठी, म्हणजे जास्त वेळ सुटणार! म्हणजे ते रात्र मोजतं?"

"रात्रीची लांबी रक्तात उतरवतं. शरीर ती वाचतं. बर्फ नको, थंडी नको, नुसता अंधार लांबला तरी हॅमस्टरचं शरीर ठरवतं, की हिवाळा आला. मग नर-मादीच्या प्रजननग्रंथी (पिल्लं होण्यासाठी लागणारे अवयव) आक्रसून लहान होतात. बर्फात जन्मलेली पिल्लं जगणार कशी? त्यापेक्षा दुकानच बंद ठेवलेलं बरं. भूक कमी होते, वजन घटतं, कारण लहान अंगाला कमी दाण्यात भागवता येतं. बर्फात दिसू नये म्हणून केस पांढरे होतात. पूर्वी शास्त्रज्ञांनी काही हॅमस्टरांची पिनिअल ग्रंथी काढून पाहिली. त्यांना हिवाळा कळलाच नाही. आणि भरपूर उजेडात ठेवलेल्या काही हॅमस्टरांना रोज लांब रात्रीइतका वेळ मेलॅटोनिन दिलं, तर ते उन्हाळी उजेडातही हिवाळ्यातल्यासारखे झाले."

"म्हणजे मेलॅटोनिननं बारीक व्हायला होतं," मनवा म्हणाली.

"तिथेच सगळे फसतात! सोनेरी हॅमस्टर नावाचा याचाच एक भाऊबंद आहे. त्यालाही अंधारात ठेवलं की पिल्लं बंद होतात, पण तो जाड होतो."

"काय? तेच मेलॅटोनिन असून?"

"तेच. मेलॅटोनिन 'बारीक हो' असं सांगत नाही. ते एवढंच सांगतं, की रात्री लांबल्या. बातम्यांत 'उद्या पाऊस' म्हणतात ना, तसं. ते ऐकून कुणी वाळवण आत घेतं, कुणी पेरणीला लागतं. बातमी एकच असते."

"मग आपण का नाही पांढरे झालो? मेलॅटोनिन आपल्यालाही असतंच ना?"

"असतं. पण माणसाचं शरीर ऋतू बघून दुकान बंद करत नाही. तुझा बाबा चातुर्मासात साबुदाण्याच्या खिचडीनं सुटतो, त्याचं खापर मेलॅटोनिनवर फोडू नकोस."

आता डॉक्टर उठले. "कुमुदताई, हे पटण्यासारखं आहे. पण पुरावा नाही. दवाखान्याच्या दारात वेगळी ठेवलेली जोडी आहे ना हॅमस्टरांची, ती बघा. धष्टपुष्ट, तपकिरी, पिल्लंही होताहेत."

"दवाखान्याला नेम माफ आहे. तिथला दिवा उशिरापर्यंत जळतो," आत्याआजी म्हणाली.

"किंवा ती जोडी प्राणीघरापासून लांब आहे, म्हणून रोग तिथे पोचला नाही. दोन्ही तितकंच खरं असू शकतं. शंकेवर मी वसाहतीतल्या माणसांचा जीव टांगणीला लावू शकत नाही. माफ करा. झडप उघडावीच लागेल."

डॉक्टर जायला वळले. मनवा त्यांच्या वाटेत उभी राहिली.

ती म्हणाली, "रोग पोचला असता, डॉक्टरकाका. मी पोचवला असता."

"म्हणजे?"

"मी रोज मधल्या सुट्टीत चिंचोक्याला खिशात घालून दवाखान्याच्या दारात नेत होते. त्याला एकट्याला करमत नाही म्हणून. जाळीतून नाकाला नाक लावतात ते. पिंजऱ्यातलं गवतसुद्धा मी इकडचं तिकडे घातलंय." तिचा आवाज बारीक होत गेला. "नियम आहे मला माहीत होतं. पण नेत होते. पांढरा व्हायला लागला तेव्हापासून कालपर्यंत."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आधी संताप आला, मग तो वाटेतच कुठेतरी विरला.

"एवढे दिवस? आणि ती जोडी ठणठणीत?" ते पुटपुटले. "पिल्लांसकट?"

"तुमच्या परवानगीनं असा प्रयोग कधीच झाला नसता," आत्याआजी म्हणाली.

झडप त्या दिवशी उघडली नाही. मात्र डॉक्टर डॉक्टरच होते. त्यांनी अटी घातल्या. अर्धे हॅमस्टर सोळा तास उजेडात ठेवायचे आणि अर्धे शेजारच्या कोठीत, आतासारखे आठच तास उजेडात. दोघांना दाणा एकच, हवा एकच. उजेडातल्यांना पिल्लं होईपर्यंत कोठीतल्यांना हात लावायचा नाही, आत कुणी डोकवायचंही नाही. कोण कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरलं आणि चिंचोका निघाला कोठीत. नियम मोडल्याबद्दल मनवाला कोठीच्या दाराशी जायचीही बंदी झाली. तिथे दाणा घालायचं काम बचतरावांच्या चाकांवरच्या हाताकडे गेलं. प्राणीघराच्या दारावर डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'ऊब देऊन पाहिल्याशिवाय कुणालाही मेलेला म्हणायचं नाही.'

दिवाळीत थोडे कंदील कमी लागले, कारण वीज प्राणीघरात जात होती. काही लोकांनी कुरकुर केली, पण डॉक्टरांनी आपल्या घरचा कंदील आधीच काढून ठेवला होता, मग कुरकुर आपोआप थांबली. उजेडातले हॅमस्टर हळूहळू भरले, तपकिरी झाले. मनवाला त्यांचा आनंद व्हायचा आणि भिंतीपलीकडच्या पांढऱ्या, बारक्या चिंचोक्याच्या आठवणीनं जेवण जायचं नाही. बचतराव अधूनमधून तक्रार करायचे, की कोठीतला दाण्याचा खर्च वाढतोय, ही शुद्ध उधळपट्टी आहे. त्यांच्या तक्रारी नेहमीच्याच, त्यामुळे कुणी कान दिला नाही.

संक्रांतीच्या सुमारास उजेडातल्या एका पिंजऱ्यात चिवचिव ऐकू आली. शेंगदाण्याएवढी गुलाबी पिल्लं! डॉक्टरांनी ती बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली आणि म्हणाले, "जा मनवा. कोठीतला दिवा लाव. सोळा तास."

मनवा दोन उड्यांत कोठीत पोचली. दिवा लावला. आणि जागच्या जागी थिजली.

पिंजऱ्यात पांढरा चिंचोका नव्हताच. होता एक गुबगुबीत हॅमस्टर, अंगभर तपकिरी, पाठीवर ठळक काळी रेघ. शेजारच्या पिंजऱ्यातला अर्धा पांढरा, अर्धा तपकिरी. त्याच्या पलीकडचाही तसाच.

"बचतराव!" ती ओरडली. "तुम्ही चोरून दिवा लावलात?"

"मी?" बचतरावांना असा अपमान सहनच झाला नाही. "मी चोरून दिवा लावीन? आठ तास म्हणजे आठ तास! एक क्षण जास्त नाही!"

डॉक्टर धावत आले आणि तेही दारातच खिळले. "हे कसं शक्य आहे? यांच्यासाठी तर अजून लांब रात्रच चालू आहे. यांना कुणी सांगितलं?"

आत्याआजी सगळ्यांच्या मागून आली. तिला पाहूनच कळत होतं, की ती या क्षणाची वाट बघत होती.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "मेलॅटोनिन अजूनही रोज तीच बातमी देतंय. पण काही महिन्यांनी यांचं शरीर ती ऐकेनासं होतं आणि आपण होऊन वसंताच्या तयारीला लागतं. बिळात अंधारात बसून दिवस मोठा व्हायची वाट बघितली तर उशीर होईल ना! वसंत येईल तेव्हा पिल्लांची तयारी झालेली हवी. हिवाळा किती चालतो, हे त्याच्या आत कुठेतरी मोजलेलं असतं. नेमकं कसं, ते आम्ही अजून शोधतोच आहोत."

मनवानं चिंचोक्याला हातात घेतलं. तो आता हाताला जड लागत होता. बराच वेळ ती त्याच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. मग एकदम तिनं वर पाहिलं.

"आत्याआजी, मंगळाचं वर्ष आपल्या जवळजवळ दुप्पट असतं ना? म्हणजे हिवाळाही दुप्पट. मग याला तिथे नेलं तर? हा आपला मोजून मोजून अर्ध्या हिवाळ्यातच तपकिरी होईल. भर थंडीत पिल्लं होतील त्याला!"

डॉक्टरांनी आत्याआजीकडे पाहिलं. आत्याआजी चिंचोक्याकडे बघत होती. तिनं काही आठवून बघितलं आणि मग इतक्या वर्षांची ती संशोधक कोठीच्या उंबऱ्यावर चक्क खाली बसली.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "कुणालाच माहीत नाही. ते तुलाच जाऊन बघावं लागेल."